कमानदार गिटार आणि तिचा विजेचा कान

दोन खिळ्यांमध्ये ताणलेली तार छेडली तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. तार बारीक, ती हवेला कितीशी हलविणार? तिचा कंप घोडीवाटे एखाद्या पातळ, रुंद फळीत उतरला आणि त्या फळीने भोवतालची हवा हलविली, म्हणजे तारेला कंठ फुटतो. आपल्याकडील सतारीचे कारागीर या फळीला तबली म्हणतात, आणि वाद्याचे बरेचसे भाग्य तिच्या घडणीवर अवलंबून असते हे मिरजेत कोणाला निराळे सांगावे लागत नाही. आज ज्या वाद्याविषयी बोलावयाचे आहे ते अमेरिकेत जन्मले व तेथेच वाढले. परंतु त्याच्या इतिहासातील सारा वाद तबलीभोवतीच फिरत असल्यामुळे त्याच्या भागांना मी तबली, घोडी, दांडी, पडदे हे आपल्या परिचयाचेच शब्द वापरणार आहे.

हे वाद्य म्हणजे आर्चटॉप गिटार, अर्थात कमानदार तबलीची गिटार. नेहमीच्या स्पॅनिश गिटारची तबली सपाट असते व घोडी तिला सरसाने चिकटविलेली असते. आर्चटॉपची गोष्ट निराळी. स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाचे जाड फाळके घेऊन ते आतून व बाहेरून कोरून काढावयाचे, मध्ये फुगीर आणि कडेला उतरते, थेट व्हायोलिनसारखे. पाठ मेपल लाकडाची, तीही कोरलेली. घोडी चिकटविलेली नसते. तारांच्या दाबानेच ती तबलीवर उभी राहते, आणि तारा तिच्यावरून पुढे जाऊन वाद्याच्या शेपटाकडे बसविलेल्या धातूच्या पट्टीला अडकतात. त्यामुळे तारा तबलीला वर ओढीत नाहीत, खाली दाबतात. आवाजाला त्यामुळे धार येते, तो लांब जातो आणि लवकर विरतोही. एकट्याने शांतपणे वाजविण्यापेक्षा वाद्यवृंदात ठेका धरण्यास हे गुण अधिक उपयोगी.

या कल्पनेचा जनक ऑर्व्हिल गिब्सन. मिशिगन राज्यातील कॅलमझू या गावी तो कोरीव तबलीची मँडोलिने व गिटारी करीत असे. मँडोलिनच्या घडणीबद्दल त्याला १८९८ साली पेटंट मिळाले, १९०२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली, आणि १९१८ मध्ये तो वारला. परंतु ज्याला आपण आज आर्चटॉप म्हणतो तिला रूप दिले ते लॉइड लोअर याने. हा गृहस्थ स्वतः मँडोलिनवादक, संगीतशास्त्राचा अभ्यासक. १९१९ मध्ये तो गिब्सन कंपनीत आला, आणि १९२२ मध्ये एल-५ नावाची गिटार बाहेर पडली. गोल छिद्राऐवजी इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाची दोन छिद्रे गिटारच्या तबलीला मिळाली ती या वाद्यात. १९२४ च्या अखेरीस लोअरने कंपनी सोडली. पुढची गंमत अशी की ज्या माणसाने लाकडाचा नाद इतक्या निष्ठेने घडविला, तोच १९३३ मध्ये व्हिव्हिटोन नावाची कंपनी काढून विजेच्या वाद्यांच्या मागे लागला. लाकडाची मर्यादा कोठे आहे हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

ती मर्यादा इतरांनाही लवकरच कळली. १९२० च्या दशकाच्या आरंभी जॅझ वाद्यवृंदात ठेका धरण्याचे काम बँजोकडे होते. बँजोचा आवाज कर्कश, पण पितळी वाद्यांच्या गदारोळातही ऐकू येणारा. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन आला, आणि एडी लँगसारख्या कुशल वादकाने गिटारमध्ये काय सामर्थ्य आहे ते ध्वनिमुद्रिकांवरून दाखवून दिले. लँगच्या हाती एल-५ होती. बँजो मागे पडला. परंतु मायक्रोफोनसमोर जे साधत होते ते नाचघरात साधेना. समोर चार-पाच ट्रंपेटे, तितकीच सॅक्सोफोने, मागे ढोल. त्यात गिटारने करावयाचे काय? कारागिरांनी पहिला उपाय केला तो वाद्य मोठे करण्याचा. सोळा इंच रुंदीची एल-५ सतरा इंचांची झाली. १९३४ मध्ये गिब्सनने अठरा इंचांची सुपर ४०० काढली. तिची किंमत चारशे डॉलर्स, म्हणून ते नाव. बॉस्टनच्या एल्मर स्ट्रॉमबर्गने तर एकोणीस इंचांपर्यंत मजल मारली. काउंट बेसीच्या वाद्यवृंदातील फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ मध्ये मरण येईपर्यंत विजेच्या मदतीवाचून ठेका धरून बसला. त्याचा आवाज श्रोत्यांना स्वतंत्रपणे ऐकू येण्याऐवजी ढोलाच्या अंगाला लागून जाणवत असे, आणि त्याची कामगिरी तेवढीच होती. एकल वादनाची हौस असणाऱ्यांचे मात्र एवढ्यावर भागणारे नव्हते.

येथे वीज आली. तिचे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्येच सांगून ठेवले होते. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेची हजारो वेटोळी घालावयाची आणि तो चुंबक वाद्याच्या पोलादी तारेखाली ठेवावयाचा. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हालते, वेटोळ्यात त्याच लयीचा विद्युत्प्रवाह उमटतो, आणि तो वाढवून ध्वनिक्षेपकाला दिला म्हणजे झाले. या उपकरणाला पिकअप म्हणतात. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी: हा कान फक्त पोलाद ऐकतो, लाकूड ऐकत नाही. पुढे याचाच विचार करावयाचा आहे.

१९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० ही विजेची स्पॅनिश गिटार विकण्यास काढली. तिच्यातील पिकअपचे चुंबक चांगले लांब व जड होते. ते तबलीच्या आत लपविलेले, आणि तीन स्क्रूंनी तबलीलाच टांगलेले. १९३९ च्या ऑगस्टमध्ये चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण बेनी गुडमनच्या संचात दाखल झाला, आणि या गिटारवर त्याने सॅक्सोफोनच्या तोडीचे लांबलचक सलग आलाप घेतले. १९४२ च्या मार्चमध्ये क्षयाने तो गेला. वय अवघे पंचवीस. अडीच वर्षांत त्याने गिटारचे वाद्यवृंदातील स्थान कायमचे बदलून टाकले. ख्रिश्चनचे वादन ऐकल्यावर पिकअप हवे की नको हा प्रश्न उरला नाही. ते कोठे बसवावयाचे, एवढाच उरला.

आणि तो प्रश्न साधा नव्हता. तबलीत भोक पाडून पिकअप बसविले तर तीन गोष्टी होतात. कोरून नेमक्या जाडीला आणलेल्या लाकडाचा मधलाच तुकडा निघून जातो. तिच्या आतील आधाराच्या पट्ट्या त्या भोकाच्या सोयीने हलवाव्या लागतात. आणि उरलेल्या तबलीवर चुंबकाचे वजन पडते. तबली मंदावते. वीज नसताना ती गिटार पूर्वीसारखी बोलत नाही. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ध्वनिक्षेपकाचा आवाज परत तबलीवर आदळतो, तबली हलली की तारा हलतात, तारा हलल्या की पिकअप तेच पुन्हा ध्वनिक्षेपकाकडे धाडते, आणि क्षणात सभागृहात हुंकारासारखा घुमारा उठतो. जितकी तबली जिवंत तितका हा घुमारा लवकर येतो. म्हणून मोठ्या आवाजात वाजविणाऱ्याला मंदावलेली तबलीच सोयीची. गिब्सनने १९५१ मध्ये एल-५ व सुपर ४०० यांच्या तबलीत दोन-दोन पिकअपे बसविलेल्या आवृत्त्या काढल्या त्या अशाच वादकांसाठी, आणि वेस माँटगोमरीने तसल्या एल-५ वर जे वाजविले ते ऐकून कोणी तिला नावे ठेवील असे मला वाटत नाही.

परंतु ज्यांच्या हाती आधीच एखादी उत्तम, जुनी, न कापलेली आर्चटॉप होती त्यांचे काय? न्यू यॉर्कच्या केनमेअर रस्त्यावर जॉन डी'अँजेलिको हा इटालियन वंशाचा कारागीर १९३२ पासून आपले छोटे दुकान चालवीत असे. १९६४ मध्ये तो वारला तोवर त्याच्या हातून अकराशेहून थोड्या अधिक गिटारी झाल्या. एवढ्या मोजक्या वाद्यांपैकी एकीच्या तबलीवर करवत चालविणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. कापलेले लाकूड परत जोडता येते, पण तो जोडच राहतो. त्या काळी पुष्कळांनी करवत चालविली. वादकाला आज रात्री नाचघरात ऐकू यावयाचे असते. त्याच्यापाशी पोट असते आणि दुसरे वाद्य नसते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तरीही त्या गिटारी पाहिल्या की हळहळ वाटतेच.

यावर तोड काढली ती ओहायो राज्यातील टोलीडो येथील हॅरी डीआर्मंड याने. १९३० च्या दशकात त्याने असे पिकअप तयार केले की जे वाद्याला कोठेही न कापता जोडता येई आणि मनात येईल तेव्हा काढून ठेवता येई. टोलीडोच्याच रो इंडस्ट्रीज या कंपनीने ती बाजारात आणली. त्यांची रचना मोठी मजेची आहे. तारांच्या कडेने एक बारीक धातूची दांडी जाते. तिचे एक टोक घोडीच्या मागे तारांना चिमटलेले असते, आणि पिकअप त्या दांडीवर पुढे-मागे सरकते. अमेरिकन वादकांनी तिला काठीवरचे माकड असे नाव दिले. पिकअप दांडीकडे सरकविले की आवाज गोल व भरीव, घोडीकडे आणले की तीक्ष्ण. आवाज कमीजास्त करण्याची डबीसुद्धा तबलीला न लावता वाद्याच्या शेपटाकडे अडकविलेली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऱ्हिदम चीफ नावाची त्याची सुधारलेली पिकअपे आली. त्यांतील ११०० क्रमांकाच्या नमुन्यात प्रत्येक तारेखाली वरखाली होणारा स्क्रू होता. १९४८ मध्ये गिब्सनच्या टेड मॅकार्टीने दुसरी युक्ती काढली. आर्चटॉपच्या तारांशेजारी, तबलीपासून अधांतरी, बोट टेकण्यासाठी एक पातळ पट्टी असते; त्या पट्टीलाच त्याने पिकअप, नियंत्रणे व वायर सारे जोडून टाकले. जुनी पट्टी काढावयाची आणि ही लावावयाची, की गिटार विजेची झाली.

तबलीला न टेकता अधांतरी राहणारे म्हणून या जातीला तरते पिकअप म्हणतात. त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली जॉनी स्मिथने. १९५२ मध्ये स्टॅन गेट्झसह त्याने ध्वनिमुद्रित केलेली 'मूनलाइट इन व्हर्माँट' ही रचना फार गाजली. तिच्यातील दाट, जवळजवळ बसविलेले स्वरपुंज ऐकून भल्याभल्या वादकांनी आपली बोटे मोजून पाहिली असतील. स्मिथला डी'अँजेलिकोची वाद्ये प्रिय होती. पुढे पत्नीच्या निधनानंतर लहान मुलीसाठी तो न्यू यॉर्कची धावपळ सोडून कोलोरॅडो स्प्रिंग्जला जाऊन राहिला. तेथे मॅकार्टी त्याला भेटावयास गेला, आणि त्या भेटीतून १९६१ ची गिब्सन जॉनी स्मिथ गिटार जन्मली: सतरा इंच रुंद, तारेची लांबी पंचवीस इंच, तबली अखंड, आणि दांडीच्या टोकाशी एक अरुंद, दोन वेटोळ्यांचे तरते पिकअप. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की विजेच्या दिव्यांची व यंत्रांची गुणगुण एकमेकांस मारते; हा शोध गिब्सनच्याच सेथ लव्हरने १९५५ मध्ये पेटंटासाठी नोंदविला होता. जोडउपकरण म्हणून जन्मलेले तरते पिकअप या गिटारमुळे घडणीचा भाग होऊन बसले.

आता निवडीविषयी. आज कोणी जुन्या किंवा नव्या आर्चटॉपला तरते पिकअप बसवू पाहील तर त्याने दुकानात जाण्यापूर्वी एक माप घ्यावे: दांडीवरील पट जेथे संपतो तेथे तारांचा तळ आणि तबली यांत अंतर किती? त्या अंतरातच पिकअपची जाडी, वर तारांना हालण्यास जागा आणि खाली तबलीला हालण्यास जागा, एवढे सारे बसवावयाचे असते. काही जुन्या वाद्यांत ही फट इतकी अरुंद असते की दोन वेटोळ्यांचे पिकअप शिरतच नाही. तेथे पातळ, एका वेटोळ्याचेच घ्यावे लागते. दुसरे पाहावयाचे ते तारा कसल्या आहेत. विजेवाचून वाजणाऱ्या गिटारला ब्राँझ गुंडाळलेल्या तारा गोड लागतात, पण ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही. पिकअप ऐकते ते फक्त आतील पोलादी गाभ्याला. मग न गुंडाळलेल्या दोन बारीक तारा, विशेषतः दुसरी, ओरडू लागतात आणि खर्जाच्या तारा खोल विहिरीतून बोलल्यासारख्या वाटतात. डीआर्मंडला हे ठाऊक होते. त्याच्या काही पिकअपांत दुसऱ्या तारेखालील चुंबकाचा जोर मुद्दाम कमी ठेवलेला आढळतो. ब्राँझच्या तारांवर हट्ट असेल तर असे, किंवा वरखाली होणाऱ्या स्क्रूंचे पिकअप घ्यावे. नाही तर निकेल गुंडाळलेल्या तारा चढवाव्यात आणि थोडी गोडी सोडावी. एक वेटोळे की दोन, हा प्रश्न स्वभावाचा आहे. एका वेटोळ्याचा आवाज मोकळा, पण त्याच्याबरोबर गुणगुण येते. दोहोंचा शांत व जाड.

जागा कोठे? सहसा पटाच्या टोकाला लागूनच. पंचवीस इंचांच्या तारेवर ही जागा घोडीपासून साडेसहा-सात इंचांवर, म्हणजे तारेच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास येते. तेथे तारेचा झोका मोठा असतो, मूळ स्वर भरपूर मिळतो, आणि चौथ्या उपस्वराचा स्थिरबिंदू जवळ असल्याने तो क्षीण राहतो. जॅझ गिटारचा म्हणून जो मऊ, काळसर आवाज आपल्या ओळखीचा आहे त्याचे बरेचसे रहस्य या जागेत आहे.

बसविण्याच्या तीन रीती सांगून झाल्याच आहेत: कडेच्या दांडीवर, बोटाच्या पट्टीवर, किंवा पटाच्या टोकाला कंसाने. पहिलीत वाद्याला स्क्रूचे एक भोकही पडत नाही, पण चिमटा सैल झाला की तारेबरोबर तोही किरकिरतो. पट्टीवरची रीत सर्वांत सोपी; मात्र पट्टी लवचिक असली तर बोट टेकताच पिकअप खाली जाते आणि आवाज डळमळतो, म्हणून पट्टी जाड किंवा लाकडाची करावी. पटाच्या टोकाची रीत सर्वांत स्थिर. तिला दांडीच्या टोकात एक-दोन बारीक स्क्रू जातात. माझी पसंती हिला. दोन स्क्रूंची छिद्रे पुढे बुजविता येतात, आणि तबलीला त्यांची वार्ताही नसते. आवाजाचे चाक पट्टीच्या कडेखाली लपवावे. वायर बाहेर काढण्यासाठी पुष्कळजण शेपटाजवळची खुंटी काढून तिचे भोक मोठे करतात. जुन्या वाद्यात हे टाळावे. पट्टीच्याच कंसाला लहानशी खोबण लावली तरी काम होते. एक बारीक वायर शेपटाच्या धातूच्या पट्टीला जोडण्यास विसरू नये, नाही तर तारांना हात लावला तरी गुणगुण थांबत नाही.

इतके झाल्यावर तो मघाचा प्रश्न उरतो. पिकअप पोलादच ऐकत असेल तर तबली अखंड ठेवून मिळविले काय? घरात, लहान खोलीत, ध्वनिक्षेपक हळू ठेवून वाजविले तर लाकडाचा आवाज थेट हवेतून येतो व विजेचा आवाज त्याखाली आधारासारखा असतो. हा लाभ उघड आहे. मोठ्या सभागृहात तो नाहीसा होतो. पण तेथेही फरक राहतोच, कारण तार ज्या घोडीवर टेकली आहे ती घोडी जिवंत तबलीवर उभी आहे. अशी तबली तारेची शक्ती चटकन पिऊन टाकते. स्वर ठळक उमटतो व लवकर विरतो. हा उठाव आणि ही विरणी तारेच्या कंपातच असल्याने चुंबकाला ती ऐकू येते. म्हणजे विजेचा कान लाकूड ऐकत नसला तरी लाकडाने तारेशी काय केले हे ऐकतोच. घुमाऱ्याचा धोका मात्र पत्करावा लागतो. एफ-छिद्रांत कापडाचे बोळे घालून वाजविणारे वादक आहेत, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

हे वाद्य आपल्या कानाला अगदी परके राहिले असे नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन जॅझ संच वाजत. गोव्याच्या वादकांनी ती विद्या आत्मसात केली आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत नेली. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'मागे चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचे साहाय्य होते. आर्चटॉपचा सर्वांत अनपेक्षित उपयोग मात्र ब्रिजभूषण काबरा यांनी केला. त्यांनी गिब्सनची तीच थोरली सुपर ४०० मांडीवर आडवी घेतली, पटाच्या माथ्याशी तारा उचलून घेतल्या, साथीच्या सुरासाठी तार जोडली आणि पोलादी कांबीने तिच्यावर राग वाजविले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत ऐकू येणारी गिटार काबरांची. नाचघरातील पितळी वाद्यांवर मात करण्यासाठी फुगविलेली तबली मींडेसाठी कामास आली.

आपल्या हवेत अशी गिटार बाळगणाऱ्याने एवढे करावे. पिकअप बसविल्यावर त्याच्याखालून कागदाची घडी सरकवून पाहावी. ती अडली तर पिकअप तबलीला टेकत आहे असे समजावे, आणि कंस उचलावा. ही परीक्षा उन्हाळ्यात एकदा करून थांबू नये. गोव्यात किंवा कोकणपट्टीत पावसाळ्याच्या दमट हवेत कोरीव तबली ओल पिऊन फुगते, घोडी वर चढते, आणि वैशाखात मोकळी असलेली फट श्रावणात अरुंद होऊ शकते. तेव्हा कागद पुन्हा एकदा फिरवावा.